आपसी बदली

बाबांच्या यकृताने सोमवारी सकाळी बदलीचा अर्ज दिला आणि तो नियमात बसत होता.

बाबा जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं शिक्षकांच्या बदल्यांचं टेबल सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला. अवघड क्षेत्रातली सेवा : मधुमेहात अकरा वर्षं. चरबी साचल्याचा सोनोग्राफीचा दाखला सोबत जोडलेला. मागणी : आपसी बदली. ठिकाण : कन्या श्रावस्ती, वय तेवीस.

माझ्या हातातली बशी पडली.

"तुझ्या यकृताची संमती आहे," बाबा म्हणाले. "ही बघ सही."

"पण मला कुणी विचारलंच नाही!"

"नियमात तसं नाही."

मी बशीचे तुकडे गोळा केले. मग म्हणाले, "होऊ द्या, बाबा. माझं नवं आहे. तुमच्याकडे टिकेल."

"अहो, त्याला मदतनीस द्या ना," आई म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलेली ती व्हे प्रोटीनची पावडर, डबा अजून फोडलेला नाही."

बाबांच्या उजव्या बरगडीखालून शांत आवाज आला. "मदतनिसाने काम हलकं होतं की त्यालाच सांभाळत बसावं लागतं, हे तीन महिन्यांच्या तपासणीशिवाय सांगता येणार नाही. शिवाय जिलबी चालूच आहे."

"कुठली जिलबी?"

"स्टँडसमोरची. दर गुरुवारी. सगळं माझ्याच टेबलावर येतं, बाई."

बाबांनी पेनाचं टोपण काढलं. नियमात बसणारा अर्ज त्यांनी आजवर कधी फेटाळला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समासात शेरा लिहिला : 'लेकीचे यकृत अवघड क्षेत्रात पाठवता येत नाही. अर्जदाराचे आहे तेच क्षेत्र सोपे करून द्यावे. जबाबदारी खाली सही करणाऱ्याची.'

आता रोज सकाळी बाबा तोंड वाकडं करत पावडरचा ग्लास संपवतात. गुरुवारी स्टँडचा रस्ता टाळून फिरायला जातात. ग्लास ठेवला की आठच्या ठोक्याला हजेरीचं मस्टर उघडतात आणि यकृताचं नाव पुकारतात.

तपासणीला अजून एकोणीस दिवस आहेत. आज उत्तर येईना. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली, मग वीस. मी आईचा हात घट्ट धरला.

"हजर," बरगडीखालून आवाज आला.

बाबांनी सही घेतली. उशिराची तांबडी खूण केली नाही.