आणून देणाऱ्यास चहा

इमारतीच्या जिन्याखाली कचऱ्याचे डबे असतात, तिथे भिंतीवर लाल शाईने लिहिलेली एक सूचना चिकटवलेली होती : ‘बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नयेत. टोकांना चिकटपट्टी लावून जमा केंद्रात द्याव्यात. गुपचूप टाकणाऱ्याची गय केली जाणार नाही.’ अक्षर पायलटकाकांचं, सहीही त्यांचीच. आणि नेमकं त्याच सूचनेखाली, सकाळी सहा वाजता, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा फुगीर बॅटऱ्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी कोंबत कोण उभं होतं? पायलटकाका!

काका काही खरे पायलट नव्हेत. त्यांचं चष्म्यांचं दुकान. पण सुट्टीच्या दिवशी ते मोकळ्या मैदानावर रिमोटची छोटी विमानं उडवायचे, म्हणून सगळे त्यांना पायलट म्हणत. या विमानांच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या की त्यांची पोटं फुगतात. अशा सहा जणी गेले आठ महिने गॅलरीत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, वाळूत पडून होत्या. जमा केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि काकांचा ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ काही उजाडत नव्हता.

शेवटी काकूंनी दम भरला. “परवा माझी बहीण येतेय. ती गॅलरीलगतच्या खोलीत झोपणार. घरात एक तर ती राहील, नाहीतर तुमचे हे बॉम्ब.”

“अगं, बॉम्ब काय म्हणतेस? वाळूत आहेत त्या.”

“मग तुम्ही झोपा त्या डब्यावर डोकं ठेवून!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका पिशवी घेऊन निघाले खरे, पण वाटेत विमानवाला मित्र भेटला, नव्या पंख्याचा विषय निघाला, आणि केंद्रावर पोचले तेव्हा कुलूप. घरी परत यायचं कोणत्या तोंडाने? काकांनी पिशवी जिन्यातल्या चपलांच्या कपाटात सरकवली आणि दारातूनच सांगितलं, “दिल्या गं. फार आभार मानले त्यांनी.”

एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले! “म्हणाले, तुमच्यासारखी जबाबदार माणसं हल्ली राहिली नाहीत.”

काकूंना नवऱ्याचं कौतुक करायची संधी वर्षातून एखाददा मिळायची. त्यांनी रात्रीच्या जेवणाआधी इमारतभर बातमी पोचवली. सकाळी सहाला काका पिशवी उचलायला आले, तर दाराशी शेजाऱ्यांनी तीन मेलेले मोबाइल आणि एक जुना टॉर्च आणून ठेवला होता. वर चिठ्ठी : ‘आमचंही तेवढं देऊन टाका.’ ती वाचून काकांचा उरलासुरला धीर सुटला. त्यांनी पिशवी घेतली आणि तडक डबा गाठला.

साडेसातला कचऱ्याची गाडी आली. गाडीवर डबे रिकामे करणारा दादा सगळ्यांच्या ओळखीचा. त्याने लेकीच्या शब्दाखातर सिगारेट सोडली होती आणि रोज डबा उचलताना तो हिशोब द्यायचा. “एकशे बारा, काका!” तो खालून ओरडला. काकांनी गॅलरीतून हात हलवला.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. मागचा लोखंडी दाब कचऱ्यावर उतरला. कर्र असा आवाज झाला, आणि गाडीच्या पोटातून पांढरा धूर उसळला. दादाने आकड्याने कचरा रस्त्यावर ओढला, झाडांच्या आळ्यातली माती घमेल्याने आणून वर ओतली. आग विझली. गाडी वाचली. दादाचा डावा हात मात्र मनगटापाशी भाजला.

रस्त्यावर गर्दी जमली. मुकादम मोटारसायकलवरून आला आणि त्याने पहिलं वाक्य टाकलं, “ओढलीस ना?”

“नाही हो साहेब! लेकीची शपथ!”

“सिगारेटचं थोटूक कचऱ्यात पडल्याशिवाय धूर निघतो होय? हे लिहून वर जाणार. नोकरी गेली समज.”

काका गर्दीत उभे होते. बोलायला हवं, आत्ता बोलायला हवं, असं त्यांचं मन ओरडत होतं. तेवढ्यात शेजारच्याने विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, पायलटकाका?” आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, “व्यसन वाईट हो. सुटता सुटत नाही.”

दादाने त्यांच्याकडे पाहिलं. काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुकानात त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा चढवला. दुपारचा डबा उघडलाही नाही. तीन वाजता मात्र ते खुर्चीतून ताडकन उठले. लेबलं! विमान शेतात, झाडीत कुठेही पडतं, म्हणून हौशी मंडळी प्रत्येक बॅटरीवर नाव लिहितात. काकांनी तर हौसेने छापूनच घेतली होती : ‘पायलटकाका, दुसरा मजला. सापडल्यास आणून द्यावी. आणून देणाऱ्यास चहा.’

काका दुकान बंद करून गाड्यांच्या आवाराकडे पळाले. कबुली द्यायला? छे! उरलेल्या बॅटऱ्यांची लेबलं खरवडायला. खिशात त्यासाठी चष्म्याचा स्क्रू काढायचा छोटा पेचकसही होता. हे त्यांनी आयुष्यात कुणालाच सांगितलं नाही.

पण आवारात पाऊल टाकतात तो समोर टेबलाशी मुकादम आणि बाकावर दादा. हाताला पट्टी. दादा उठून उभा राहिला, बाक हाताने झटकून म्हणाला, “बसा काका. एवढ्या लांब माझ्यासाठी आलात?”

काका बसले नाहीत. खिशातल्या पेचकसावरची मूठ सुटली. “दादा,” ते म्हणाले, आणि पुढचं एका दमात बाहेर पडलं, “त्या बॅटऱ्या माझ्या. मीच टाकल्या. माझ्याच सूचनेखाली उभं राहून टाकल्या. आणि वर तुलाच बोललो. मला लाज वाटते रे. साहेब, वर काय लिहायचं ते माझ्या नावाने लिहा.”

मुकादमाने शांतपणे टेबलाखालून बादली ओढली. वाळूत दोन बॅटऱ्या होत्या, आणि त्यांवरची लेबलं अगदी नव्यासारखी करकरीत.

“चार जळाल्या. या दोन दहा वाजताच सापडल्या,” मुकादम म्हणाला. “सकाळी मीही याला नाही नाही ते बोललो, माफी मागितली. मी म्हटलं, आत्ता जातो आणि पायलटला बखोटीला धरून आणतो. तर हाच अडून बसला. म्हणे, काका आपण होऊन येतील, संध्याकाळपर्यंत थांबा.”

काकांना दादाच्या नजरेला नजर देता येईना. पेचकस खिशात टोचत होता.

“एक मात्र आहे हं, काका,” दादा म्हणाला. “लेबलावर लिहिलंय, आणून देणाऱ्यास चहा.”

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडताच टोकांना चिकटपट्टी लावलेल्या दोन बॅटऱ्या, तीन मोबाइल आणि टॉर्च जमा झाले. दंडाची नोटीस सूचनेशेजारी काकांनी स्वतः चिकटवली. ती काकूंच्या नजरेला पडायच्या आत सांगून टाकायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. पण जिभेला मुहूर्त सापडेना, आणि संध्याकाळी बेल वाजली. दारात दादा आणि मुकादम.

“या की!” काकू कौतुकाने म्हणाल्या. कालच आलेली मेहुणीही बाहेर येऊन बसली. काकूंनी चहा दिला आणि विचारलं, “आज इकडे कसं काय येणं झालं?”

मुकादम बशीत बघू लागला. काकांच्या डोक्यात एक छान थाप तयार झाली होती, जिभेच्या टोकापर्यंत आलीही होती.

दादाने चहाचा घोट घेतला. “सिगारेट सोडून आज एकशे तेरावा दिवस, काकू,” तो म्हणाला, आणि काकांकडे वळला. “काका, खरं बोलायचा तुमचा कितवा?”

काकांनी बायकोकडे पाहिलं, मेहुणीकडे पाहिलं, आणि हातातला कप टेबलावर ठेवला.

“कालचा एक,” ते म्हणाले, “पण घरातला आज पहिला. तू जरा खाली बस गं.”