मौन, क्रमांक सात

समकालीन चिनी कलेचा सखोल अभ्यास करायचा असेल, तर चीनपासून शक्य तितकं लांब राहावं, हे आता तज्ज्ञांमध्ये सर्वमान्य झालं आहे. (तिथे राहून अभ्यास करणाऱ्यांना चीन मध्येमध्ये येतो.) म्हणूनच एका कलाप्रतिष्ठानाने प्रदर्शनं मांडणाऱ्यांसाठी सहा महिन्यांचं, विद्यावेतनासह संशोधन-निवासकेंद्र घाटंजी तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर काढलं. अर्ज सदतीस आले. चीनला जाऊन आलेले नऊ जण पूर्वग्रहदूषित म्हणून बाद झाले आणि दारव्ह्याच्या सुरभीची निवड झाली. मुदतवाढ मिळाली नाही तर परत शाळेत हस्तकलेचे तास घ्यायचे, याची तिला मनापासून धास्ती होती.

अभ्यासासाठी बीजिंगहून मूळ कलाकृती आली. नाव ‘मौन, क्रमांक सात’. म्हणजे दोन मीटर पांढरं सुती कापड, ज्यावर चित्रकाराने अकरा वर्षं काहीही केलं नव्हतं. ते कसं केलं नाही याचं एक्केचाळीस पानी टिपणही सोबत होतं. सुरभीने साडेपाच महिने त्या कापडाकडे निष्ठेने पाहिलं. जिच्या घरी ती राहायची ती रुपीबाईही पाहायची, पण तिला ते पाहवत नसे.

शेवटचा पंधरवडा सुरभी तापाने दारव्ह्याला पडून होती. मुदतवाढ ठरवणारी प्रतिष्ठानाची समिती यायच्या दिवशी सकाळी परतली, तर कापडावर या काठापासून त्या काठापर्यंत लाल-पिवळे टाके, कवड्या आणि दोनशे आठ आरसे.

“याडी, हे काय करून ठेवलं?” तांड्यात आईला म्हणतात तसंच ती रुपीबाईला म्हणायची.

“कोरं कापड मयतावर टाकतेत, पोरी. तू तं जित्ती हाएस,” रुपीबाई म्हणाली. “पाहुणीले तसं कसं वापस देऊ?”

तेवढ्यात तीन सदस्यांची समिती जीपमधून उतरली. खरं काय ते सांगून टाकायचं, असं सुरभीने ठरवलं. अध्यक्ष कापडापुढे नऊ मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, की चित्रकाराने अखेर मौन सोडलं आहे, आणि प्रेक्षकाला तुकड्यातुकड्यांनी त्याच्याच हवाली केलं आहे. (त्यांना स्वतःचं नाक चौदा ठिकाणी दिसलं होतं.) मुदतवाढ जागेवरच मंजूर झाली. सुरभीने उघडलेलं तोंड “धन्यवाद” म्हणून मिटलं. तिला स्वतःची लाज वाटली. सही मात्र सुवाच्य आली. फोटो पोचताच बीजिंगहून चित्रकारानेही कळवलं, की आपल्या मनात पहिल्यापासून हेच होतं.

रुपीबाईवर अन्याय झाला असं कोणी समजू नये. अहवालात ‘स्थानिक सुविधा’ या शीर्षकाखाली, वीज आणि पिण्याचं पाणी यांच्या मधोमध तिची रीतसर नोंद आहे.

पुढे मुंबईत प्रदर्शन भरलं. अभिप्रायाच्या वहीत बाराशे चौदा शेरे आहेत, त्यांतल्या नऊशेंमध्ये चिनी संयमाचं कौतुक आहे. कापड भरलं कोणी, हे एकानेही विचारलेलं नाही. आठशे बारावा शेरा, वाचकहो, आपला आहे. अक्षर सुरेख आहे. “असं काम आपल्याकडे का होत नाही?” असं आपण कळकळीने विचारलं आहे.