जंगल झाडणारे अप्पा

सहलीच्या आदल्या दिवशी अप्पा जंगल झाडायला जातात.

हे मी वाढवून सांगत नाही. डोक्याला पंचा, खांद्यावर खराटा, सोबत कुणी नाही. कर्जतच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी डांबर संपतं. तिथून ओढ्याकाठच्या मुक्कामाच्या जागेपर्यंत सहा-सातशे पावलांची वाट आहे. ती सगळी अप्पा झाडून काढतात. एकदा एका गुराख्याने विचारलं, "अप्पा, मंत्री येनार हाय का कोन?"

"पोरं येनार हायेत," अप्पा म्हणाले. "तू बाजूला हो, कचरा पाडू नको."

जंगलात.

झाडायचं कारण म्हणजे अप्पांच्या सहलीचा पहिला नियम. डांबर संपलं की सगळ्यांनी पायातलं काढून टेंपोत ठेवायचं. सगळ्यांनी म्हणजे अप्पांनी आणि टेंपोवाल्यानेसुद्धा.

अप्पा आमचे कुंभिवलीतले शेजारी. खोपोलीच्या एका कागद कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यातला स्टोअरकीपर काही निवृत्त झाला नाही. दर दिवाळीच्या सुटीत ते गल्लीतल्या दहा-बारा पोरांना घेऊन दोन दिवस रानात राहायला जातात आणि त्याची तयारी गणपतीपासून सुरू होते. ताडपत्री उन्हात पडते, दोर मोजले जातात, पातेल्यांना नंबर पडतात. बॅटरी पाहिजे असेल तर सही करून घ्यायची, मग पोरगं पहिलीत का असेना. सगळं एका लाल कापडी बांधणीच्या लांब वहीत लिहिलेलं. नाव, वय, सामान आणि शेवटी शेरा. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच. "वहीत हाय."

हायवेवर त्यांचा राग. चौक गावापर्यंत नाइलाजाने जायचं, तिथून टेंपो असा काही आत वळवायचा, की तासाभराच्या वाटेला चार तास लागतात. बंधाऱ्यावरून, भाताच्या खळ्यांमधून, कुणाच्या तरी गोठ्याच्या अंगणातून. टेंपोवाला कुरकुरला की म्हणतात, "हायवेनं पोचशील रं, पर बघशील काय?"

प्रत्येक पोराच्या गळ्यात शिट्टी. एकदा वाजवली म्हणजे मी इथे आहे. दोनदा म्हणजे शू लागली. तीनदा म्हणजे भीती वाटते. "आन् तीन वाजल्या तर कुनी हसायचं नाय. हसला त्याला भांडी."

नावं द्यायच्या दिवशी पोरं ओटीवर बसतात, आणि अप्पा खाली उतरून दारातल्या एकेक चपला उलट्या करून तळ बघतात. आतून काकू ओरडतात, "अवो, पोरांची नावं लिवा, चपलांची नको."

"दोनी लिवतोय."

सहावीत असताना मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो. नातेवाइकांच्या घराशिवाय दुसरीकडे कुठे राहायची ती माझी पहिलीच वेळ. डांबर संपलं तेव्हा नियम ऐकून सगळे ओरडले होते. डॉक्टरांच्या मुलाने तोंड वाकडं करून आपले पांढरे कॅनव्हासचे बूट टेंपोत फेकले. ते माझ्या स्लिपरांवर पडले, हे अजून लख्ख आठवतं. मग आम्ही सगळे एका रांगेत निघालो. पायाखाली गार माती. धुरकट वासाचा डाळभात खाताना अप्पांनी विचारलं, "ह्या वढ्याचं पानी जातं कुठं?" कुणालाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला काठाकाठाने थेट नदीपर्यंत चालवलं. विचारलं की जाऊन बघायचं, ही सवय मला तिथे लागली. पुढे मी घरातला पहिला पदवीधर झालो, खोपोलीत शिक्षक झालो, तेव्हा वडील लोकांना सांगायचे, "त्यो अप्पाच्या वहीतला हाय."

यंदा अप्पांचे गुडघे गेले. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी निरोप पाठवला, वाट झाडणं होणार नाही, सहल रद्द. अकरा पोरांची तोंडं उतरली. माझी मुलगी ईशा चौथीत आहे, ती तर जेवेना. बायको म्हणाली, "बूट घालून जाऊ देत ना. आता कुणाकडे बूट नाहीत? तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात ते."

मी गेलो. अप्पा खाटेवर पाय लांब करून बसले होते.

"अप्पा, झाडायचं कशाला? पोरं बूट घालून जातील."

"नियम हाय."

"पण जमाना बदलला. आता सगळ्यांकडे बूट असतात."

"तू बघितलेस?"

"म्हणजे?"

"वहीत हाय," अप्पा म्हणाले, आणि ज्या वहीला कुणाला हात लावू देत नाहीत ती माझ्याकडे सरकवली.

मी शेऱ्याचा रकाना वाचत खाली गेलो. ईशा: बूट नवे, टाच चावेल, पट्टी घ्यावी. असं एकेक करत शेवटचं नाव. चिंगी, वय नऊ. स्लिपर. पट्ट्याला पिन. दुसरं नाही.

चिंगी म्हणजे पलीकडच्या फार्महाऊसच्या वॉचमनची मुलगी. यंदाच आलेली. रोज संध्याकाळी आमच्या अंगणात ईशाबरोबर खेळते. मी शिक्षक माणूस, तिला पाढे विचारतो. तिच्या पायांकडे मी कधी बघितलं नव्हतं.

"तिला मी बूट आणतो अप्पा. आजच."

"आन की. पर आज आनलेस तर साऱ्या गल्लीला कळंल, कुनाला कुनी दिले त्ये. मंग ती रानात जाईल, का बूट सांबाळत बसंल?"

मी चिंगीची ओळ पुन्हा वाचली. मग विचारलं, "हा नियम केव्हापासूनचा?"

अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. काकूंनीच फडताळातून एक जुनी, कोपरे झिजलेली वही काढली आणि पान उघडून माझ्यापुढे ठेवली. "दावत कदी न्हायीत," त्या म्हणाल्या. "तू वाच."

डॉक्टरांच्या मुलाच्या खाली माझं नाव होतं. वय अकरा. स्लिपर. पट्ट्याला पिन. घेऊन दिले तर बाप परत करेल. देऊ नये.

आणि त्याखाली, दुसऱ्या शाईने: सगळ्यांनी अनवाणी. आदल्या दिवशी वाट झाडणे.

इतकी वर्षं मला वाटत होतं, सगळे अनवाणी होते म्हणून मीही त्या दिवशी अनवाणी चाललो.

वही मिटून मी एवढंच विचारलं, "खराटा कुठंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपोने आम्ही डांबर संपतं तिथे गेलो. अप्पा एका दगडावर बसले आणि मी झाडायला लागलो. शब्द पोचतील तिथवर त्यांच्या सूचना येत होत्या. "डावीकडं राहिलं रं. मास्तर, काटा खराट्यानं जात नसतो, वाकून उचल." ओढ्यापर्यंत जाऊन घामाघूम होऊन परत आलो.

"झालं, अप्पा."

"चालून बघितल्याबिगर कसं कळंल?"

मी त्यांच्या शेजारी बसून नाड्या सोडल्या. अप्पांनी माझा एक बूट उचलला, उलटा केला आणि बराच वेळ तळ बघत राहिले. अंगठ्याने चाचपून पाहिला.

"चांगला हाय," ते म्हणाले. "टेंपोत ठेव."