बापू चेंदवणकरांच्या गाडीचा अंदाज

आमच्या थोरल्याच्या बारशाला बापू चेंदवणकर आले, पाळण्यात वाकून बघितलं आणि सगळ्या बायकांच्या देखत म्हणाले, "आज नवा आहे. उद्यापासून घसारा सुरू."

माझी सासू मुंबईत पहिल्यांदाच आलेली. तिला वाटलं, घसारा म्हणजे पोराला कसला तरी आजार. ती रडायला लागली. बापूंना तिच्या रडण्याचं काहीच वाटलं नाही. ते शांतपणे घुगऱ्यांची पुडी सोडवत पाटावर बसले आणि पाळण्याच्या कड्या तपासू लागले.

बापू आमच्या विमा कचेरीत मोटारींच्या नुकसानीचा अंदाज करायचे. कुणाची गाडी ठोकरली, जळली, नाल्यात पडली, की बापू जाऊन बघणार आणि घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, वजा जाता किती उरली ते कागदावर लिहिणार. मी त्याच कचेरीत टंकलेखक. त्यांचे कागद टाईप करता करता माझी बोटं झिजली. त्यात अंधेरीच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून, त्यामुळे रविवारीही सुटका नाही. पूर्वजन्मीचं पाप, दुसरं काय!

बापूंचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आशा सोडा, मग बोलू." घाटकोपरचे एक व्यापारी गाडीचं पार चेपलेलं नाक घेऊन आले होते. हाताला प्लास्टर, डोळ्यात पाणी. बापूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग हे वाक्य दिलं. मी नंतर भांडलो. म्हटलं, "बापू, त्या माणसाचा हात मोडलाय हो!" तर म्हणाले, "म्हणूनच रे. आशा असलेल्या माणसाला आकडा ऐकू येत नाही."

मला कावीळ झाली तेव्हा उशाशी येऊन बसले, डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "बॉडी टिकेल. रंगाची आशा सोडा." वर तीन आठवडे रोज सकाळी स्वतः उसाचा रस आणून ठेवत होते, हे मला ती पुढे कधीतरी बोलली. मला वाटत होतं, रस तीच आणतेय. असा हा माणूस. चांगलं काही केलं तर पाठ वळवून करणार, वाईट मात्र तोंडावर बोलणार.

आता गाडीकडे येतो. चाळीमागच्या मोकळ्या जागेत बापूंची स्वतःची एक गाडी उभी होती. उभी म्हणजे काय, चार विटांच्या ढिगांवर टेकलेली. एकोणीसशे तीसच्या आधीची विलायती बंद गाडी. आत सागवानी सांगाडा, वर पत्रा. कधी काळी लिलावात मातीमोल भावाने घेतलेली. पण तिचं रूपच असं काही विचित्र करून ठेवलं होतं की बघणाऱ्याने कपाळावर हात मारावा. डावा मागचा दरवाजा काढून तिथे कपाटासारखी दुहेरी झडप. ड्रायव्हरशेजारची सीट गायब. आत पुढून मागपर्यंत एक लांबलचक फळी. आणि डाव्या अंगाची खिडकी खाली, पार खाली कापलेली. चाळीतले कुणी म्हणत, यातून मासळी वाहत होते. कुणी म्हणत, मढी. बापू काही सांगत नसत. मी चाळीत राहायला आलो त्याच्या आधीच त्यांची बायको गेली होती आणि गाडी विटांवर चढली होती. बाई बरीच वर्षं अंथरुणाला होत्या, एवढंच मला ठाऊक.

एकोणीसशे सत्तावन्न साली जागेच्या मालकाने तिथे इमारत बांधायची ठरवली. गाडी महिनाअखेर हलवा, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो, असा निरोप आला. आता विटांवरची गाडी हलवणार कुठे? तेवढ्यात देव पावला म्हणायचा, वांद्र्याचे एक पारशी गृहस्थ जुन्या गाड्या घेऊन पुन्हा मूळच्यासारख्या करायचे, त्यांना हिचा पत्ता लागला. ते बघून गेले. म्हणाले, "बापूराव, सांगाडा सारो छे. मी घेते. पण आतला हा सगला तमाशा काढून टाकनार. बॉडीची काय किंमत ते तुम्हीच लिहून द्या, तुमच्यावर माझा भरोसा."

दुसरा कुणी असता तर नाचला असता. बापू माझ्या दारात आले, हातात कोरा कागद.

"जनू, चल. अंदाज तू करायचा."

"मी? मला मडगार्ड कुठलं आणि बॉनेट कुठलं हेही धड कळत नाही!"

"म्हणूनच. आपल्या मालाचा अंदाज आपण करू नये. आपण केलेल्या जागेवर आपण बसून-निजूनही बघू नये. माणूस स्वतःशी फार खोटं बोलतो. मी सांगतो ते बघ, बघशील ते बोल, बोलशील ते मी लिहितो."

या नियमाची शपथ त्यांनी कधी घेतली होती देव जाणे, पण तीस वर्षं पाळली होती.

रविवारची सकाळ, डोक्यावर ऊन, आणि मी त्या धुळीने भरलेल्या खोक्याभोवती फिरतोय. चाळीतली चार टाळकी गॅलरीतून बघतायत. मी झडपेवर बोट ठेवलं.

"मूळ दरवाजा नाही. वजा," बापू लिहीत बोलले.

"पण काढला कशाला?"

"आडवं माणूस उभ्या दारातून जात नाही. पुढे बघ."

मी पुढची रिकामी जागा दाखवली. "सीट नाही. वजा," बापू म्हणाले. फळीला खाली मोटारीच्याच स्प्रिंगा लावलेल्या होत्या, रस्त्याचा हादरा पोचू नये म्हणून. "मूळची नाही. वजा." छताला आतून मऊ निळं कापड ठोकलेलं होतं. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "पडल्यापडल्या तिला तेच दिसणार ना रे. पण बिनकामाचं. वजा." त्या गाडीत जे जे जीव लावून केलेलं होतं, ते ते हा माणूस स्वतःच्या हाताने वजा करत सुटला होता. मी चिडलो. म्हटलं, "बापू, पुरे. एखादी गोष्ट तरी जमेला धरा!"

"खिडकी," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा उजळला. "पैशात ती पण वजाच. पण काम चोख आहे. तिच्या पाठीच्या कण्याला क्षय होता. उठून बसायचं नाही. खाटेवर निजलेली असताना तिच्या डोळ्याची उंची मी गजाने मोजली आणि तेवढी खिडकी खाली घेतली. दोन महिने लागले पत्रा कापायला. सहा वर्षं, दर रविवारी, वर्सोव्याला. गाडी वाळूच्या कडेला आडवी लावायची. झोपल्याजागी समुद्र! डोळा आणि पाण्याची रेघ एका पातळीत. तू निजून बघ. प्रत्येक जागेवर माणूस घालून बघायचा, हा कायदा आहे. थांब, गादीइतकं घोंगडं घाल खाली."

मी घोंगडं घातलं आणि निजलो. निळं कापड दिसलं. मान वळवली. खिडकीत आभाळ होतं. नुसतं आभाळ.

"विहीर दिसते ना? तिच्या मागची भिंत?" बाहेरून बापू विचारत होते.

"नाही हो. आभाळ दिसतंय."

"नीट बघ. मी कुठे उभा आहे?"

"तुमची टोपी दिसतेय अर्धी. खाली काही नाही."

"असं कसं होईल? डोकं जरा वर घे. उशीएवढं."

मी मान चार बोटं उचलली. विहीर, भिंत, बापू, हातातला कागद, सगळं लख्ख समोर आलं. "हां! आता झकास दिसतंय," मी ओरडलो. "उशी होती ना?"



मी उठून बसलो. बापू गाडीला टेकून उभे होते. कागद खाली पडला होता.

"मोजलं तेव्हा होती," ते म्हणाले. "खाटेवर. मग पत्रा कापत असतानाच तिला पाठीचं प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी उशी काढायला लावली. ती पुन्हा कधी दिलीच नाही."

ते स्वतः आत शिरले. सत्तावन्न वर्षांचा तो माणूस झडपेतून वाकून आत गेला आणि ज्या फळीवर नियम म्हणून कधी पाठ टेकली नव्हती, तिच्यावर निजला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. गॅलरीतली टाळकी कंटाळून आत गेली.

"जनू, दर रविवारी सांगायची रे मला," आतून आवाज आला. "मी विचारायचो, समुद्र दिसतो ना? तर म्हणायची, दिसतो हो, आज भरती आहे. आज ओहोटी आहे, होड्या चिखलात बसल्यात. एकदाही चुकली नाही. नुसत्या आवाजावरून सांगत होती."

मी त्या दिवशी खोटं बोललो असतो, 'दिसते विहीर' म्हटलं असतं, तर माझं काय गेलं असतं? पण मला काय ठाऊक! आजही ते आठवलं की मला माझीच जीभ उपटून टाकावीशी वाटते.

अंदाज मीच टाईप केला. त्या पारशी गृहस्थांनी एक पै कमी न करता पैसे दिले आणि गाडी लाकडी ओंडक्यांवरून ट्रकवर चढवून नेली. खिडकी मूळच्या उंचीला पुन्हा पत्र्याने बुजवणार होते. बापूंनी फक्त निळं कापड मागून घेतलं.

पंधरा दिवस गेले. मग एका रविवारी बापू माझ्या दारात उभे. "वर्सोव्याला येतोस?"

आम्ही बसने गेलो. कोळणी बोंबील वाळत घालत होत्या. बापूंनी वाळूच्या कडेला एक जागा निवडली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि सरळ उताणे निजले. डोक्याखाली काही घेतलं नाही. डोळे मिटले. म्हणाले, "बोलू नकोस. मला ऐकू दे."

मी बसून राहिलो. ऊन चढत होतं. बापूंच्या कपाळाची शीर ताणलेली दिसत होती, इतकं लक्ष देऊन ते ऐकत होते. बऱ्याच वेळाने त्यांचे ओठ हलले.

"भरती आहे. ना रे?"

मी समोर बघितलं. पाणी कुठल्या कुठे गेलं होतं. चिखलात होड्या कलंडून पडल्या होत्या आणि कोळ्यांची पोरं त्यांच्याभोवती पळत होती.

"हो, बापू," मी म्हटलं. "भरतीच आहे. पाणी पार पायाशी आलंय."

त्यांनी मान हलवली. मिटल्या डोळ्यांच्या कडेतून पाणी कानाकडे ओघळलं आणि वाळूत गेलं. मी तसाच बसून होतो, आणि या माणसाने इतक्यात डोळे उघडू नयेत म्हणून मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो.