चिकटलं तर आपलं नाही

मी लेखक नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि परीक्षेतली उत्तरं सोडली तर सलग दोन पानं कधी लिहिलेली नाहीत. एखाद्या माणसावर लिहायचं म्हणजे त्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटतं. पण जे घडलं ते पुरतं पाहिलेले आम्ही तिघंच, आणि त्यांतले दोघं तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. चुकलं तर माफ करा.

सुखदेवकाकांच्या गळ्यात, जिथं इतरांच्या देवाचं लॉकेट असतं तिथं, काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक मॅग्नेट असायचं. रुपयाएवढं, कडेला एक टवका उडालेलं. आंघोळीलाही ते उतरत नसे.

नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर काकांचं दुकान आहे. वरची खोली मी भाड्यानं घेतली आहे. दुकानात ते कॉइल वळतात. शेगडीचं, गिझरचं, धोब्याच्या इस्त्रीचं, पिशव्या चिकटवायच्या मशीनचं, गणपतीच्या आधी थर्माकोल कापायच्या तारेचं. हे सगळं एकाच तारेवर चालतं. ऐंशी भाग निकेल, वीस भाग क्रोमियम. आमच्या पुस्तकात तिचं नाव नायक्रोम. काका नुसतं ‘ऐंशी-वीस’ म्हणतात.

ही तार मॅग्नेटला चिकटत नाही. लोखंडाच्या जातीची स्वस्त तार चिकटते. एवढ्यासाठी ते मॅग्नेट. पण काकांनी तारेपुरतं ते ठेवलं नव्हतं. लग्नात जेवायला बसले की आधी ताटाला मॅग्नेट. कोणी नवं घड्याळ दाखवलं की घड्याळाला मॅग्नेट. मी राहायला आलो त्या दिवशी माझ्या हातातल्या नव्या स्टीलच्या डब्याला त्यांनी मॅग्नेट लावलं, ते टक्कन बसलं, आणि ते म्हणाले, “चिकटलं तर आपलं नाही, बाबू. तुया बापाले फसवलं कोणीतरी.” तो डबा वडिलांनी भाजीच्या बाजारातून येताना मोठ्या हौसेनं आणला होता. मी त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

माणसांनाही ते तसंच तोलायचे. समोरचा चहावाला त्यांच्या मते जस्ताचा पत्रा, वरून चकचकीत. एक नगरसेवक कच्चं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आवाज मोठा आणि आपटलं की दोन तुकडे. ‘ऐंशी-वीस’ ही पदवी त्यांनी जिवंत माणसाला दिलेली मी ऐकली नव्हती. एकदा विचारलं, तर म्हणाले, “एक होतं. गेलं.” मला वाटलं काकूंबद्दल बोलतात. काकू वारल्याला बरीच वर्षं झाली.

ते काकूंबद्दल नव्हतं. काकांना एक मुलगी आहे, अर्चनाताई. हे मला चहावाल्यानं सांगितलं. ती शाळेतून आली की दप्तर टाकून दुकानात बसायची. सळईवर तार गुंडाळताना तिचे वेढे इतके सारखे यायचे की गिऱ्हाईक विचारायचं, मशीन घेतली का. बारावी झाल्यावर ती म्हणाली, दुकान मी चालवते. काका म्हणाले, पोरीची जात, जन्मभर चटके खात बसशील, लोक मले काय म्हणतील. आणि त्यांनी तिचं लग्न करून दिलं, पार मेहकरच्या पुढं डोणगावला. जाताना तिनं घरातली लाल शेगडी मागून घेतली आणि सांगितलं की या दुकानाची पायरी आता चढणार नाही. सहा वर्षं झाली, चढली नाही. काकाही गेले नाहीत.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी खाली बसून जर्नल लिहीत होतो. दारात एक माणूस आला. काका उभेच राहिले. त्यावरून मी ओळखलं की हा जावई.

दोघंही अर्धा तास फक्त कॉइलबद्दल बोलले. जावई म्हणाले, अंडी उबवायच्या पेटीले पाह्यजे, पाचशे वॅटचं. काकांनी विचारलं, पेटी लाकडी की पत्र्याची. लाकडी. अंडी किती. दीडशे. कोणाची. गावातल्या बायांची, त्यांनी विश्वासानं देली. चालवते कोण. यावर जावई म्हणाले, “घरीच चालवतात.” काकांनी मान हलवली. कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही, आणि जावयांनी सांगितलं नाही. मला मान वर करायचीही भीती वाटत होती.

काकांनी कॉइल वळलं, बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून ठेवलं, डबा सुतळीनं बांधून दिला. जावयांनी भिंतीवर पेन्सिलनं आपला फोन नंबर लिहिला, परवा अंडी ठेवतो म्हणाले आणि गेले. काकांनी कॅलेंडरवर परवापासून दिवस मोजले आणि एकविसाव्या दिवसाला गोल केला. पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर येतं.

त्या दिवसापासून काकांच्या गळ्यात मॅग्नेट नव्हतं.

हरवलं, एवढंच सांगत. चहावाल्यानं छळ मांडला. आता ताट कोणतंही चालते का, सुखदेवराव? काका रागावले नाहीत, तेच मला विचित्र वाटलं. दुसरं घ्या म्हटलं तर म्हणाले, “मॅग्नेट म्हणजे काय साबण हाय, संपला की दुसरा आणाले?” त्या दिवसांत काम जुन्या दुरुस्तीचंच आलं, नव्या तारेला हात लागला नाही. रोज सकाळी मात्र कॅलेंडरवर एक फुली पडायची.

विसाव्या दिवशी संध्याकाळी मी एक शहाणपणा केला. कॉलेजात मोडीत निघालेला स्पीकर पडला होता. सरांना विचारून त्यातलं मॅग्नेट काढलं आणि काकांना आणून दिलं. मला वाटलं, खूश होतील. झालेही. हातात खेळवलं, तळव्यावर तोललं, म्हणाले, “जोर हाय बे याच्यात.” आणि सवयीनं ते खिळ्याला लटकलेल्या तारेच्या रिळाकडे नेलं.

टक्कन बसलं.

काकांनी काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा बसलं. जावयांसाठी त्या दिवशी फोडलेलं हेच रीळ होतं.

ते खाली बसले. मी विचारलं, कॉइल चाललं तर असेलच ना? ते अगदी हळू बोलले. “पेटीत पाण्याचं ताट ठेवतात बाबू, वाफेसाठी. हे लोखंडाच्या जातीचं, गंजते. आन् एक डाव लाल झालं की काचेवाणी होते. जराशा धक्क्यानं तुटते. ऐंशी-वीस तसं नाही. ते तापलं की स्वतःवर बारीक साय धरते, आत हवा जाऊ देत नाही. दहा वर्षानं काढा, तरी वाकते.”

शेवटच्या दिवशी पेटी चार तास थंड पडली तर पिल्लं कवचातच जातात. दीडशे अंडी, गावातल्या बायांची. अर्चनाताईनं मागितलेलं काम तिला मिळालं नव्हतं. आता स्वतःचं उभं केलेलंही बापाच्या तारेनं मोडायचं.

भिंतीवरचा नंबर मी माझ्या फोनवरून लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. काकांनी दुसरं रीळ फोडलं, स्पीकरच्या मॅग्नेटला ते चिकटत नाही हे पाहिलं आणि नवं कॉइल वळलं. ते वळताना त्यांचे वेढे पहिल्यांदाच कमी-जास्त आले. त्यांनी ते उलगडलं आणि परत वळलं.

सकाळी पहिल्या एसटीनं आम्ही खामगाव गाठलं, तिथून मेहकरची गाडी. कॉइल कागदात गुंडाळून काकांच्या मांडीवर होतं. घाटाच्या वळणावर ते एकदम म्हणाले, “मॅग्नेट हरवलं नाही. डब्यात टाकलं होतं. कापसाखाली.”

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

“लहानपणी ते तिच्याच गळ्यात राहे. शाळेत मास्तरले लावून पाहे.” मग खिडकीबाहेर बघत, “आधी ते टाकलं. मंग ध्यानात आलं की जुनी तार पुरत नाही. नवं रीळ फोडलं. तपासाले मॅग्नेट डब्यातून काढा लागलं असतं. तोवर जावई इकडंच पाहून राह्यले होते.”

“मग काढायचं होतं, काका.”

“त्यायनं पाह्यलं असतं ना, का मी काय देऊन राह्यलो ते.”

पन्नास वर्षांत एक तार न तपासता गेली, ती एवढ्यासाठी.

मेहकरच्या स्टँडवर डोणगावची गाडी लागलेली होती. मी चढलो, मागं पाहिलं तर काका बाकावर बसलेले. खाली उतरून बोलावलं. ते उठेनात. कॉइल माझ्याकडे द्यायला पुढं केलं आणि पुन्हा मांडीवर ठेवलं, पुन्हा पुढं केलं. म्हणाले, “तू जाय. मी आलो तर अर्चना दारच बंद करन, आन् कॉइल बाहेर राहीन.” कंडक्टर ओरडत होता. मी कॉइल घेतलं आणि चढलो. काकांचा फोन दुकानातच राहिला होता, हे गाडी निघाल्यावर आठवलं.

डोणगावात अंड्यांची पेटी म्हटल्यावर एका बाईनं घर दाखवलं. ओसरीवर जुन्या कपाटाची केलेली पेटी, तिच्या दाराला काच. समोर अर्चनाताई बसलेल्या. कानामागे पेन्सिल, अगदी काका ठेवतात तशी. गळ्यात काळा दोरा. त्यात टवका उडालेलं मॅग्नेट.

मी कोण, कुठून आलो, काका कुठं थांबले, सगळं एका दमात सांगितलं. कॉइल पुढं केलं. म्हणालो, आधीचं लगेच काढा ताई, ते चुकीचं गेलं.

त्यांनी नवं कॉइल घेतलं, गळ्यातलं मॅग्नेट लावलं. चिकटलं नाही. मग विचारलं, “ते मेहकरलेच बसले?”

“हो.”

त्यांनी कॉइल बाजूला ठेवलं. मग त्यांनी पेटीकडे बोट केलं आणि जे सांगितलं ते ऐकून मी आल्या पावली स्टँडकडे निघालो. म्हणजे निघणार होतो, पण त्यांनी थांबवून काचेतून एक गोष्ट दाखवली. मग परतीची गाडी मिळायला तासभर लागला.

मेहकरला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. काका त्याच बाकावर होते, हात तसेच मांडीवर, जणू कॉइल अजून तिथंच होतं. मला पाहून उठले नाहीत. विचारलंही नाही. मीच सांगायला लागलो.

“काका, तुमचं ते कॉइल त्यांनी लावलंच नाही. डबा उघडला, मॅग्नेट सापडलं, म्हणून आधी कॉइलला लावून पाहिलं. चिकटलं.”

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “मंग पेटी कशावर चालली?”

“लाल शेगडीच्या कॉइलवर. ते काढलं, ताणून सरळ केलं, परत वळलं. कुठंच तुटलं नाही म्हणे.”

“नाही तुटत.” मग ते म्हणाले, “ते म्या वळलेलं नव्हतं. तिनंच वळलं होतं. सातवीत होती.”

स्टँडवर पुढची डोणगावची गाडी लागत होती. मला उरलेलं सांगायचं होतं आणि कसं सांगावं ते कळेना, म्हणून ताईंचे शब्द होते तसेच सांगितले.

“पहिलं पिल्लू माझ्यासमोरच बाहेर आलं, काका. आणि ताई म्हणाल्या, बाबाले सांगा, बाकीचे रात्रीपर्यंत निघतील, मले एकटीले पुरत नाही. आन् मॅग्नेट मी कोणाच्या हाती पाठोत नाही. पाह्यजे असन तर स्वतः येऊन न्या म्हणा.”