पुढच्या सीटवरची देवी

थाविलने ठरवलं म्हणजे ठरवलं! थायलंडमधल्या लाम्पांग गावात कोंबड्याच्या चित्राचे वाडगे भाजण्यात या माणसाचा जन्म गेला. भट्टीचं दार कधी उघडायचं हे त्याने कधी कुणाला विचारलं नाही, तर गाडी बदलायची की नाही हे कुणाला विचारणार?

"रविवारी नातीच्या लग्नाला नव्या गाडीतून जायचं," चिकट भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवत तो म्हणाला. "चियांग मायपर्यंत झोपून जाशील तू, लामदुआन! सीटच पाठ चेपून देते म्हणे."

"आणि ही?" बायकोने अंगणाकडे मान वळवली.

अंगणात जुनी गाडी उभी होती. लांबलचक, काळीभोर, जर्मन. एके काळी ती बाजारातून निघाली की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघत राहायचे. आता तिची काच एकदा खाली गेली की वर यायला लाजायची, आणि एसी दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा.

"ही द्यायची, ती घ्यायची. सोपं आहे!"

सोपं! मंडळी, खरं कारण त्याने सांगितलंच नव्हतं. लामदुआनचा धाकटा भाऊ बुनचुआय लग्नाला नवी गाडी घेऊन येणार, अशी कुणकुण होती. मेहुणा ऐटीत उतरतोय आणि आपण काच वर ओढत बसलोय, हे चित्र थाविलच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कित्ती नावाचा शोरूमचा विक्रेता नवी गाडी घेऊन दारात हजर झाला. टाय लावलेला, उदबत्तीसारखा बारीक माणूस. त्याने जुन्या गाडीला प्रदक्षिणा घातली, दोन टिचक्या मारल्या आणि एक आकडा सांगितला.

"एवढे तर मी हिच्या टायरांवर घातलेत!" थाविल ओरडला.

"काका, टायरच तेवढे चांगले आहेत," कित्ती नम्रपणे म्हणाला.

घासाघीस करायला दोघं घरात बसले. चहा पिता पिता थाविलला खिडकीतून बायको दिसली. नव्या गाडीचं दार उघडून तिने पुढच्या सीटवर केळ्यांचा घड ठेवला, शेजारी नळी टाकलेली लाल सरबताची बाटली ठेवली आणि डोळे मिटून हात जोडले. बायका काहीतरी करत असतातच, म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. कित्ती गेल्यावर सहज विचारलं, "काय चाललं होतं गं?"

"गाडी बदलताना देवीला नको का न्यायला? बोलावलं तिला नव्या गाडीत. बसली."

थाविलने कप खाली ठेवला. गाडीची राखणदेवी म्हणजे चेष्टा नव्हे! रोज सकाळी आरशाला मोगऱ्याची माळ घातल्याशिवाय लामदुआन त्या गाडीत पाय ठेवत नसे.

"अगं, ती आपली गाडी नव्हे! ती लोकांना चालवून बघायची गाडी! आपली वेगळी येणार!"

"मला काय माहीत? दारात आली, नवी होती, मी बोलावलं."

"मग आपल्या गाडीला नवी देवी बोलावू."

"आणि जिने इतकी वर्षं सांभाळलं तिला परक्या माणसांत टाकू? तिला घरी आणा. नाहीतर रविवारी तुम्ही एकटेच जा. मी इथूनच नातीला आशीर्वाद देते."

झालं! नातीच्या लग्नात आजी नाही? पोरगी आयुष्यभर तोंड बघणार नाही! थाविलने जुनी गाडी काढली. देवी नसलेली गाडी! इतक्या जपून चालवली, की वाटेत भाजीवाली सायकलवरून पुढे निघून गेली आणि वळून हसली.

शोरूममधला टायवाला आपल्याला वेड्यात काढणार, असं त्याला वाटलं होतं. पण ऐकताच कित्ती पांढराफटक पडला.

"तरीच! काका, गाडी परत आणल्यापासून 'पट्टा लावा, पट्टा लावा' म्हणून बोंबलतेय! रिकाम्या सीटला!"

"आणि केळी?"

"केळी... मी खाल्ली."

"देवीची केळी खाल्लीस?"

"भूक लागली होती हो!" कित्ती रडकुंडीला आला.

तेवढ्यात दातांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. नेमकी हीच गाडी त्या स्वस्तात घेणार होत्या. "दुसऱ्याची देवी?" त्या दोन पावलं मागे सरकल्या. "मला नकोच ही गाडी! पण आधी बिचारीला उतरवा तरी!"

थाविलने बायकोला फोन लावला. "तूच ये आणि बोलाव!"

"मालक तुम्ही. नवी गाडी तुम्हाला हवी होती. तुम्हीच विनवा. नाणं उडवून विचारा, छापा पडला तर आली समजा."

थाविलने फोन खिशात टाकला. जुनी गाडी नव्या गाडीच्या शेजारी आणून लावली, दोन्हींची दारं उघडली आणि गुडघे टेकले. मागे कित्ती, डॉक्टरीणबाई आणि झाडूसकट झाडूवाली, सगळे हात जोडून बसले.

"देवी, चला घरी," थाविल म्हणाला. नाणं उडवलं. काटा!

"तिथे लाल सरबत रोज मिळेल." काटा!

"दोन बाटल्या!" पुन्हा काटा!

"खरं बोला हो," झाडूवाली मागून कुजबुजली. "बायकांना खोटं कळतं."

थाविलने नाणं मुठीत धरलं. "देवी, मला बुनचुआयला जळवायचं होतं. बाकी काही नाही. लामदुआनचं ऑपरेशन झालं तेव्हा याच गाडीतून तिला घरी आणलं. ती पुढच्या सीटवर झोपली होती. सिग्नल आला की मी बघायचो, श्वास चालू आहे ना? त्या दिवशी तुम्ही एक खड्डा लागू दिला नाहीत. आणि मी तुम्हाला टायरांच्या भावात विकत होतो! चुकलो. गाडी बदलत नाही. चला."

नाणं उडालं. छापा!

शोरूममध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. थाविलने रिकाम्या सीटला वाकून वाट करून दिली आणि जुन्या गाडीचं दार अलगद लावलं.

रविवारी दोघं धापा टाकत, काच उघडी ठेवून, केसांत धूळ घेऊन लग्नाला पोचले. पाठोपाठ बुनचुआय आला. गाडी ओळखीची! तीच! कुणी घेईना म्हणून कित्तीने आणखी स्वस्तात काढली होती.

"भाऊजी, बघा कशी आहे!" बुनचुआय उतरला. "फक्त एक खोड आहे. रिकाम्या सीटला पट्टा लावा म्हणून सारखी बोंबलते."

थाविलने बायकोला बाजूला ओढलं. "लामदुआन! देवी अजून तिथेच आहे!"

"ती तिथे गेलीच कधी होती?" लामदुआन पदर झटकावा तशी ओढणी झटकत म्हणाली. "मी बोलावलंच नव्हतं. केळी त्या वाळक्या माणसासाठी ठेवली होती. खोटं बोलले मी."

"देवीच्या नावाने खोटं?"

"देवीशी नाही, नवऱ्याशी बोलले. त्याचं पाप लागत नाही."

"म्हणजे मी गुडघे टेकून, सगळ्यांसमोर, रिकाम्या सीटला..."

"देवी शेजारी आपल्याच गाडीत बसून ऐकत होती. तिलाही बरं वाटलं असेल." लामदुआनने त्याच्या केसांतली धूळ झटकली. "आणि फोन बंद करायला तुम्ही विसरला होतात. सिग्नलचं मला माहीत नव्हतं हो."

परत निघताना थाविलने जन्मात पहिल्यांदा बायकोसाठी गाडीचं दार उघडलं. ती ऐटीत बसली, आणि दाराचं हँडल त्याच्या हातात आलं.