वाकड्या कानाची टोपी

काकूंनी बटण दाबलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर त्यांचं दुकान उघडलं. खरंखुरं! वर नाव, मधे फोटो, खाली ‘खरेदी करा’ असं हिरवं बटण. शटर नाही, फळ्या नाहीत, आणि अख्खं दुकान शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर मावलेलं. काकू कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

“अहो, इकडे या! दुकान झालं!”

काका चष्मा सावरत आले. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. “‘विणलेली’तला वि ऱ्हस्व हवा,” एवढंच म्हणून ते परत गेले.

ऑनलाइन दुकानं बनवायला शिकवणाऱ्या क्लासचा हा गृहपाठ होता. संकेतस्थळाला दुकानाची जोड देणारं प्लगइन बसवायचं आणि घरातली एखादी वस्तू विक्रीला मांडायची. काकूंनी नातवासाठी विणलेली सशाची टोपी मांडली. विणताना बहिणीशी फोनवर गप्पा रंगल्या होत्या, त्यात डावा कान भलताच लांबला आणि डोळ्यावर लोंबू लागला. नातवाने ती घालायला साफ नकार दिला होता.

बहिणीने कौतुकाने दुकानाची लिंक ओळखीपाळखीच्या सगळ्यांना धाडली. दुपारी काकूंचा फोन टिंग वाजला.

“अहो, ऑर्डर! कुठल्या कोण बाई, आपलं तोंडही पाहिलेलं नाही, आणि माझी टोपी मागवली!” काकूंच्या अंगावर काटा आला. टोपी खोक्यात घालतात न घालतात तोच पुन्हा टिंग. मग पुन्हा.

काकूंनी घाबरून क्लासच्या बाईंना फोन लावला. “मॅडम, माझ्याकडे एकच टोपी होती हो!”

“साठा मोजायच्या चौकोनात खूण केली नसेल तुम्ही. दुकानाला वाटतंय, माल संपतच नाही.”

“संपतच नाही?” काकूंनी आदराने लॅपटॉपकडे पाहिलं. मग घाईघाईत चौकोन शोधून खूण केली. ती भलत्याच चौकोनात पडली आणि टोपी दुकानाच्या माथ्यावर ‘खास आकर्षण’ म्हणून झळकू लागली. फोन थांबेचना.

“रद्द कर सगळ्या,” काका म्हणाले.

“लोकांनी विश्वासाने मागवलंय. रद्द काय करता?”

काकूंनी सुया घेतल्या आणि संध्याकाळपर्यंत एक सुबक टोपी उतरवली. काकांनी ती फोटोशेजारी धरली.

“चूक आहे.”

“कुठे?”

“चूक नाहीये, हीच चूक. दोन्ही कान सारखे आलेत. गिऱ्हाईक फोटो बघून पैसे देतं.”

काकूंनी उसवलं, पुन्हा विणलं. हात सवयीने सरळच चाले. शेवटी त्यांनी बहिणीला फोन लावला. तिच्या सुनेचा विषय निघाला आणि कान सरसर लांबला! मग रोज तेच. काकू बोलत विणायच्या, मदतीला आलेली शेजारीण हुंकार देत विणायची आणि काका पट्टी लावून वाकडेपणा तपासायचे. लोक टोपी घातलेल्या बाळांचे फोटो पाठवायचे. कुठल्या कुठल्या घरांत आपला चुकलेला कान लोंबतोय, हे बघताना काकूंचे डोळे भरून यायचे.

एकदाचा साठ्याचा तो चौकोन सापडला. ‘माल संपला’ अशी पाटी लागली. घर शांत झालं.

तेव्हा काकांनी हळूच पाठीमागून एक टोपी पुढे केली. शेजारणीकडून ते गुपचूप शिकले होते. टाका न् टाका नेटका, कान तंतोतंत सारखे.

“अय्या, तुम्ही विणली?”

“विकली जाणार नाही ती,” काका पडेल आवाजात म्हणाले. “वाकडं मला जमलंच नाही.”

काकूंनी टोपीचा फोटो काढला. नवीन वस्तू, साठा एक, योग्य चौकोनात खूण. वर्णनात लिहिलं, ‘सदोष नग. दोन्ही कान सारखे.’

काकांनी त्यातलं शुद्धलेखन तपासलं नाही. खुर्ची ओढून ते फोनसमोर बसले. चहा निवला, तरी उठले नाहीत.

टिंग!

“अगं,” काका कुजबुजले, “कुणीतरी मागवली.”